आजोबांची सेमी-ऑटो रायफल अडकली, त्या एक स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर
नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला. 3,800 रुपये घेऊन आम्ही रायफल नुसती पुसून दिली आणि रेंजवर तिसऱ्याच गोळीला अडकली असं तुम्ही लिहिलंय. द्यायला आठ दिवस उशीर झाला आणि साधा फोनही केला नाही, ही चूक आमचीच, त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण नुसती पुसली हे खरं नाही सर. ती बेल्जियमची ब्राउनिंग पॉइंट टू टू, म्हणजे .22 बोअरची आहे, 1914 पासूनचं डिझाइन, मॅगझिनची नळी दस्त्यात आणि रिकामी पुंगळी खालून पडते, फार सुंदर काम आहे ते. 1972 चा वन्यजीव कायदा आला, आजोबांनी शिकार सोडली आणि तेव्हापासून ती फक्त खंडेनवमीला पूजेपुरती बाहेर निघते हे तुम्हीच सांगितलंत. उघडली तर बोल्टच्या, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या खाचेत हळदकुंकू आणि खोबरेल तेलाचा मेणासारखा थर, खोबरेल 24 डिग्रीखाली थिजायला लागतं मग पुण्याच्या थंडीत बोल्ट जड होणारच ना. ते खरवडायलाच एक दिवस गेला. शिवाय चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या जागेच्या कडेवर, गोळी उडवणाऱ्या पिनचा छोटा खड्डा होता, तांदळाच्या कणीएवढा, पण तेवढ्यानंही गोळी नीट बसत नाही. घरात कोणीतरी रिकामी रायफल खटाखट चालवलीये, पॉइंट टू टूची पिन गोळीच्या काठावर बसते, गोळी नसली की थेट चेंबरवर. ती कड आम्ही सरळ केली.

आता अडकली का, तर तुमच्या फोटोत सबसॉनिकचा, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाच्या गोळ्यांचा बॉक्स दिसतोय. या रायफलीत बोल्ट मागे जातो तो गोळीच्याच धक्क्यानं. सबसॉनिक सेकंदाला साधारण 1050 फूट, हाय व्हेलॉसिटी 1200 च्या वर, धक्का कमी पडला की बोल्ट अर्ध्यातून परततो आणि पुंगळी मध्येच चिमटते. आम्ही हाय व्हेलॉसिटीचे 30 राउंड टाकून बघितले होते, एकही अडकला नाही. कुठल्या गोळ्या वापरायच्या ते बिलावर लिहून द्यायला हवं होतं, आता सगळ्यांना देतोय.

बोल्टची स्प्रिंग कापून हलकी करा म्हणालात, ते मी नाही करणार. चार दिवस चालेल, मग बोल्ट मागे जोरात आपटत राहील आणि हे जुने पार्ट सहजासहजी मिळत नाहीत.

ओरिजनल लायसन्स आणि रायफल घेऊन दुकानात या, परत उघडून बघतो, पैसे नकोत. रविवारी रेंजवर मी स्वतः सोबत येईन. आणि पूजेला हळदकुंकू दस्त्याला लावा, बोल्टजवळ नको.