औषध कधी मारलंय?

काल मंडईत भाजीवाल्या मावशींना विचारलं, "वांग्यावर औषध कधी मारलंय ओ?" मावशी हसल्या. "मला काय ठाऊक बाई? मी सौद्यातनं, लिलावातनं आणते." मागं उभ्या असलेल्या दोघी माझ्याकडं बघायलाच लागल्या.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षाचं. 2010 साली युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, तेव्हाचं घरातलं वातावरण अजून आठवतंय. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला सीसीसी वापरायचे, म्हणजे क्लोरमेक्वाट. त्याचा अंश मण्यात सापडला. वरून धुऊन जाणारी ती गोष्टच नव्हती. तेव्हापासून अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, वही जास्तच काटेकोर झाली: कुठलं औषध, किती, कुठल्या तारखेला. काढणीआधी बागेतलं सॅम्पल लॅबला जातं, रिपोर्ट आल्याशिवाय माल कंटेनरमध्ये चढत नाही. ही सगळी वही युरोपातल्या गिऱ्हाईकासाठी. सांगलीच्या गिऱ्हाईकासाठी अशी वही कोण विचारतंय?

आणि द्राक्षाची काढणी एकदाच. वांग्याचं तसं नाही. कृष्णाकाठची वांगी म्हणून आपण मिरवतो, पण त्यात शेंडे आणि फळं पोखरणारी अळी असते. तोडा तीन-चार दिवसांनी. औषध मारल्यावर किती दिवस तोडायचं नाही हे लेबलवर लिहिलेलं असतं, ते दिवस तोड्याच्या पाळीपेक्षा जास्त निघाले तर शेतकऱ्यानं काय करायचं? तोडा सोडला तर वांगी जून होतात. भेंडी-मिरचीचंही तेच. मामांना मी यावरून बोलले, तर म्हणाले, "एका वांग्याला भोक दिसलं की दलाल आख्ख्या क्रेटचा दर पाडतो. तुम्हाला चकाचक पाहिजे ना?" उत्तर नव्हतं माझ्याकडं. मामांची घरच्यासाठी वेगळी एक सरी आहे, तिला औषध नाही. आमच्या भागात अशी सरी बऱ्याच जणांची असते, कुणी बोलत नाही एवढंच.

घरी काय करायचं? वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुवायचं, कोबीची वरची पानं काढून टाकायची, साबण अजिबात नको. 2017 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदं खायच्या सोड्याच्या पाण्यात, लिटरला 10 ग्रॅम, 12 ते 15 मिनिटं बुडवली. सालीवर लावलेली दोन औषधं निघाली, पण सालीच्या आत मुरलेला भाग तसाच राहिला. म्हणून मी सोडा वापरते, पण त्याच्यावर निर्धास्त होत नाही. आणि हो, द्राक्षावरचं पांढरं सगळं औषधच असतं असं नाही, ती मण्याची स्वतःची लव, म्हणजे मेणासारखा थर असतो. ती बघून द्राक्षं परत ठेवणाऱ्यांना मी बाजारात अडवून सांगते. बाप बागायतदार आहे, गप्प बसवत नाही.

भाजी खाणं सोडायचा प्रश्नच नाही. मी फक्त घेताना जरा वाकडी, डागाळलेली निवडते. तेवढ्यानं ती बिनऔषधाची ठरत नाही, हेही माहितीय. पण असल्या वांग्यांना गिऱ्हाईक आहे हे मावशींना कळलं, तर कधीतरी सौद्यातही कळेल.

काल पिशवी ओतली तर दोन वांग्यांत अळ्या निघाल्या. सासूबाई म्हणाल्या, "किडकी वांगी पैसे देऊन आणणारी सून पहिल्यांदाच बघितली गं बाई."