फोन उचलतो तो भरवशाचा?

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कामाच्या तासांवरून दर थोड्या दिवसांनी जुंपते. 2023 मध्ये नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं, 2025 च्या जानेवारीत एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन साहेबांचे 90 तास आले, रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार वगैरे, आणि सप्टेंबरमध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करायला मंजुरी दिली. काका म्हणतात आम्ही बँकेत मार्चएंडला रात्री उशिरापर्यंत हिशेब जुळवत बसायचो, चुलतभाऊ म्हणतो मग तुमची पेन्शन पण द्या मला.

मी आधी हिंजवडीत होते, आता जर्मनीत स्टुटगार्टजवळ गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि मला हा सगळा वाद म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी वाटतो.

आपल्याकडे भरवशाचा माणूस म्हणजे रात्री अकराला फोन उचलणारा. माझ्या जुन्या ऑफिसात रजेच्या फॉर्मवरच रजेतला संपर्क क्रमांक भरायला लागायचा, आणि तो लागायचाच. पण तोच माणूस गुरुवारच्या स्टेटस कॉलला "होऊन जाईल सर" म्हणणार आणि शुक्रवारी रात्री कळणार की अर्धं काम अजून सुरूच झालेलं नाही, मग सगळी टीम शनिवारी हजर.

इथे कायद्याने दिवसाला 8 तास, फार तर 10 पण सरासरी 8 वर यायला हवी, आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग 11 तास विश्रांती. ऐकून वाटतं निवांत कारभार आहे, तसं अजिबात नाहीये. माझा शेजारी बसणारा कलीग तीन आठवडे सुट्टीवर निघाला की आधी 'युबरगाबे' म्हणजे हँडओव्हर ठेवून जातो, कुठली टेस्ट कशामुळे फेल होतेय, कुठल्या सप्लायरला कधीपर्यंत उत्तर द्यायचंय, त्याच्या जागी कोण बघणार आणि, हे मला फार आवडतं, कुठल्या गोष्टीला तो परत येईपर्यंत कोणीही हात लावायचा नाही. मग त्याला फोन करायची वेळच येत नाही. शुक्रवारचं काम जमणार नाही हे मंगळवारी सांगितलं तर कोणी भुवई पण उचलत नाही, शुक्रवारी सांगितलं तर ते बरेच महिने लक्षात ठेवतात.

गोडवे गात नाहीये हां. शुक्रवारी दुपारनंतर इथे काही अडलं तर "सोमवारी बघू" हेच उत्तर, आणि ते निस्तरायला पुण्याचीच टीम बसलेली असते. शिवाय "जमणार नाही" म्हणणं इथे स्वस्त पडतं. दहापेक्षा जास्त लोकांच्या कंपनीत सहा महिने झाले की सहजासहजी काढता येत नाही, आमच्याकडे कामगारांची निवडून आलेली समिती पण आहे. तिकडे तारीख सेल्सवाले आधीच देऊन बसलेले असतात, नोटीस पीरियड 90 दिवसांचा आणि घराचा हप्ता चालू, तिथे खरं बोलायची किंमत कोण मोजणार? मूर्ती साहेबांना हे कोणी विचारत नाही. आणि आता इकडचे चान्सलर मेर्त्स पण म्हणायला लागलेत की चार दिवसांच्या आठवड्याने समृद्धी टिकणार नाही, सरकारला रोजच्याऐवजी आठवड्याची मर्यादा हवीये. म्हणजे वारं कुठल्या दिशेने आहे ते दिसतंय.

चुलतभावाला मी एवढंच सांगितलं होतं की दर बुधवारी मॅनेजरला एक मेल टाक, शुक्रवारपर्यंत काय होईल, काय होणार नाही आणि कशावाचून अडलंय. पहिले दोन-तीन वेळा मॅनेजर वैतागला, आता तोच मेल जसाच्या तसा क्लायंटला फॉरवर्ड करतो. परवा अप्रेझल झालं. याला मधलं रेटिंग, आणि रोज अकरापर्यंत बसणाऱ्या त्याच्या बाजूच्याला सगळ्यात वरचं.