पाचच कशाला सोडतील?

सप्टेंबर आला की तो फॉरवर्ड येतोच. सोव्हिएत लष्करी अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोवचा फोटो, खाली 'आतला आवाज ऐकून या माणसाने जग वाचवलं' आणि जोडलेले हात. त्यातलं 'आतला आवाज' प्रकरण मला कधीच पटलेलं नाही.

२६ सप्टेंबर १९८३, मध्यरात्र उलटलेली. मॉस्कोच्या दक्षिणेला सेरपुखोव-१५ इथल्या बंकरात सायरन वाजला. उपग्रहांवरून अमेरिकी क्षेपणास्त्रांवर नजर ठेवायची ही जागा, ड्यूटीवर पेत्रोव. अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलंय, असा इशारा. मग आणखी चार. संगणक खात्री दाखवत होता सर्वोच्च पातळीची! तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, २६९ माणसं गेली होती. वातावरण तसं तापलेलंच.

मी केमिकल प्लांटमध्ये पॅनलवर बरीच वर्षं काढली. एकदा रात्री तीनला हूटर वाजला, टाकीची लेव्हल ९५ टक्के. नवीन पोरगा ट्रिप मारायला, म्हणजे सगळं बंद पाडायला धावला. मी टाकी भरणाऱ्या पंपाचे अँपिअर बघितले, म्हणजे तो किती वीज खेचतोय ते. शून्य. पंप बंद असताना टाकी भरेल कशी? लेव्हल मोजणारा ट्रान्समीटर गंडला होता.

पेत्रोवने हेच केलं. युद्ध सुरू करणारा पाचच कशाला सोडेल? शिवाय तो मुळात इंजिनीअर, यंत्रणा अजून कच्ची आहे हे त्याला ठाऊक होतं. जमिनीवरच्या रडारवरही काही नव्हतं. वरिष्ठांना त्याने खोटा अलार्म म्हणून कळवलं. खात्री निम्मी-निम्मीच होती, असं तो स्वतः नंतर सांगायचा.

गंमत म्हणजे उपग्रहाने उजेड पाहिला होता, तो खराच होता. त्या यंत्रणेचं नाव 'ओको', म्हणजे डोळा. तिचे उपग्रह लांबट कक्षेतून अमेरिकेकडे तिरके बघायचे, पृथ्वीच्या कडेला, म्हणजे क्षेपणास्त्राची ज्वाळा काळ्या आकाशावर उठून दिसावी. (अमेरिकेचे उपग्रह १९७०च्या दशकापासून ३६,००० किलोमीटरवरून थेट खालीच बघत होते.) त्या रात्री, दिवस-रात्र समान होण्याच्या सुमारास, सूर्य असा कोनात आला की उंच ढगांवरचं ऊन थेट त्या डोळ्यात गेलं.

म्हणून 'माणूस चुकतो, सगळं एआयवर सोपवा' म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, पंपाचे अँपिअर कोण बघणार?

पेत्रोवला नंतर बोलणी बसली ती लॉगबुक न भरल्याबद्दल. एका हातात फोन, दुसऱ्यात इंटरकॉम, तिसरा हात आणू कुठून, असं त्याचं उत्तर. माझी त्या रात्रीची एन्ट्रीही सकाळी पुढच्या पाळीचा रिलिव्हर आल्यावर, चहाचा कप बाजूला ठेवून झालेली आहे.