भेरू घाटात बंद पडलेल्या तुमच्या मारुती ८०० बद्दल

दादा, नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भर दुपारी भेरू घाटात, ट्रकांच्या रांगेत गाडी बंद पडली आणि आई-बाबांना उन्हात रस्त्याच्या कडेला बसावं लागलं, हे वाचून फार वाईट वाटलं. आईंची तब्येत आता ठीक आहे ना, तेवढं जरूर कळवा.

गरमीत बंद पडते म्हणून ही गाडी त्याआधी आमच्या गॅरेजमध्ये होती. तुमचं म्हणणं असं, की आम्ही पेट्रोलचा चांगला पंप काढून नवा घातला, गाडी उगाच अडकवून ठेवली, तपासणीचे ६०० रुपये वेगळे लावले. आणि एवढं करून जे आम्हाला जमलं नाही ते घाटाखालच्या बलवाड्याच्या मिस्त्रीनं पंपावर ओलं फडकं ठेवून वीस मिनिटांत केलं. यातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर तुम्हाला मिळायला हवं. राजेंद्रनगर, सुदामानगर भागात कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) गाड्या जपणारी मंडळी अजून बरीच आहेत, त्यांनाही उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पंप. तो चांगला नव्हता. बाबांनी गाडी आणली तेव्हा मी सगळ्यात आधी ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. १९९७ च्या गाडीत ऑइल कमी होतं, आपोआप वाढत नाही. पट्टी नाकाजवळ नेली तर पेट्रोलचा उग्र वास. बोटांत चोळलं तर चिकटपणा गेलेला. या गाडीचा पंप इंजिनावरच बसतो आणि कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या एका फिरत्या दांड्याच्या, धक्क्यानं चालतो. आत एक पडदा असतो, तो खालीवर होऊन पेट्रोल ओढतो. पडद्याला चीर गेली की थोडं पेट्रोल कार्ब्युरेटरला जातं आणि थोडं ऑइलमध्ये झिरपतं. असं पातळ झालेलं ऑइल घेऊन घाट चढला असतात तर बेअरिंगचं काम निघालं असतं, आणि तो खर्च पंपाच्या कितीतरी पट आहे. म्हणून पंप आणि ऑइल दोन्ही बदललं. गाडी गरमीत बंद पडत नसती तरीही बदललं असतं. जुना पंप तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेला आहे. पडदा उजेडासमोर धरून बघा, कडेच्या घडीवर चीर दिसते.

आता गाडी ठेवून का घेतली ते. ज्या गाडीची खोड गरमीत निघते ती गाडी सकाळी दहा वाजता कुठल्याही मिस्त्रीला काही सांगत नाही. तुमची गाडी सकाळी एका सेल्फमध्ये चालू व्हायची, आयडलिंग एकसारखं, प्लग कोरडे. त्या अवस्थेत अंदाजानं एकेक पार्ट बदलत बसणं सोपं आहे, पण त्यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात. मला ती गाडी बंद पडलेल्या अवस्थेत हातात हवी होती. म्हणून दुपारी दोन-अडीचला एसी लावून, माणसं बसवून, बायपासच्या पुलाखालच्या गर्दीत हळूहळू फिरवायची आणि परत आणायची, असं चाललं होतं. मध्ये ढगाळ होतं, पारा ४० च्या खाली होता, तेव्हा गाडीनं एकदाही त्रास दिला नाही. ऊन तापल्यावर दिला. ६०० रुपये या कामाचे आहेत. पाना न फिरवता बघण्यात गेलेला वेळ हेही कामच असतं, असं मी मानतो.

गाडी बंद पडली तेव्हा काय दिसलं, ते बाबांना सांगितलं होतं, इथे परत लिहितो. एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटर ओढला. आत पेट्रोलची बारीक धार उडायला हवी, ती उडाली नाही. प्लगला करंट होता. टाकीचं झाकण उघडून बघितलं, हवा आत ओढल्याचा आवाज नाही, म्हणजे टाकीत हवा जायचा रस्ता मोकळा. याचा अर्थ कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचतच नव्हतं.

आणि ते का पोचत नव्हतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नाही, हलक्या-जड घटकांचं मिश्रण आहे. त्यातले सगळ्यात हलके घटक साधारण ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. त्यात टाकी मागे आणि पंप पुढे, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची अख्खी नळी ओढीखाली असते. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी उशिरा उकळतं. इथे दाब कमी होतो म्हणून पेट्रोल लवकर उकळतं. नळीत वाफ धरली की पंपाचा पडदा त्या वाफेलाच दाबत-सोडत राहतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. आधीच पडदा फाटलेला, तर उरलीसुरली ओढही गेली. तुमच्या गाडीत याहून वाईट म्हणजे, जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी कुणीतरी पूर्वीच बंद करून टाकली होती. ती चालू असली की पंपात पेट्रोल फिरतं राहतं, वाफेलाही परत जायला वाट मिळते. शिवाय पेट्रोलचा फिल्टर थेट गरम भागाला टेकलेला होता. आम्ही परतीची नळी जोडली, फिल्टर बाजूला घेतला आणि सगळ्या रबरी नळ्या नव्या टाकल्या. जुन्या नळ्या दाबल्या तर मऊ लागत होत्या. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि १९९७ चं रबर त्याचा विचार करून बनवलेलंच नव्हतं. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकानं एकदा बोनेट उघडून या नळ्या दाबून बघाव्यात. आगीचा खरा धोका तिथे आहे.

मग घाटात परत काय झालं? मी तिथे नव्हतो, म्हणून छातीठोकपणे सांगणार नाही. बलवाड्याच्या मिस्त्रीबद्दल माझ्या मनात काही नाही. भर उन्हात तो मदतीला आला, चांगलंच केलं. पण ओल्या फडक्यानं काही सिद्ध होत नाही. त्या वीस मिनिटांत पंप थंड झाला, तशी प्लगला करंट देणारी कॉइलही थंड झाली, कार्ब्युरेटरही थंड झाला. गरमीत दगा देणारी कॉइल अगदी असंच वागते: तापली की करंट मरतो, निवली की जणू काही झालंच नाही. आमच्या बिलाच्या खाली लिहिलेलं आहे, “कॉइल गरम झाल्यावर करंट पिवळा, बदलावी.” करंट पिवळा म्हणजे ठिणगी कमजोर. बाबा म्हणाले, ओंकारेश्वरहून आल्यावर करू. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, त्या दिवशी गाडी नीट चालत होती. पण निमाडातल्या उन्हातून निघून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे, एसी लावून माळव्यावर चढताना इंजिनाच्या खोलीत जी गरमी होते ती शहरात होत नाही. त्यामुळे माझा पहिला संशय कॉइलवर आहे. घाटात कुणी करंट बघितला होता का, हे बाबांना विचारून सांगा. करंट असूनही गाडी घेत नसेल तर माझा संशय चुकीचा आणि आम्हाला परत पेट्रोलच्या लाइनकडेच बघावं लागेल.

माझी विनंती आहे, गाडी परत आणा. या तपासणीचे पैसे घेणार नाही. सकाळी आणू नका, दुपारी दोननंतर आणा, आणि येताना बाबांनाही बरोबर घ्या. मी स्वतः शेजारी बसून घाटाच्या अलीकडच्या सिमरोलपर्यंत येतो, गरज पडली तर घाटही चढू. पेट्रोलच्या नळीवर दाब बघायचं मीटर लावून ठेवू आणि गाडी बंद पडली त्याच क्षणी करंट आणि पेट्रोल दोन्ही तुमच्या डोळ्यांसमोर बघू. कॉइल निघाली तर कॉइलचे पैसे तुमचे, मजुरी नाही. आम्ही लावलेला पंप किंवा नळी निघाली तर सगळंच आमच्याकडे.

तोवर गाडी वापरणार असाल तर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. पेट्रोल कमी असलं की तेवढंच लवकर तापतं. चढावर एसी बंद ठेवा. बंद पडलीच तर गाडी कडेला घेऊन बोनेट उघडा, लोकांना सावलीत बसवा आणि थांबा. उभी केलेली गाडी लगेच चालू होत नसेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंपिंग न करता सेल्फ मारा. तेव्हा आत पेट्रोल जास्त झालेलं असतं. आणि कितीही घाई असली तरी गरम इंजिनावर पेट्रोलची नळी कुणालाही सोडू देऊ नका. गॅरेजचा नंबर बिलावर आहे, रस्त्यातून फोन केलात तरी चालेल.