ओल आणि आर. मट

ठाण्यात नौपाड्याला आमचे जे घर आहे, त्याच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर दोन वर्षांपासून ओल आहे. वरच्या मजल्यावरचे सद्गृहस्थ ती पावसाची आहे असे म्हणतात, म्हणजे खर्च सोसायटीचा. सेक्रेटरी ती वरच्यांच्या न्हाणीघराची आहे असे म्हणतात, म्हणजे खर्च वरच्यांचा. आणि डिसेंबरात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, ती वीतभर वाढली तेव्हाही कोणी आपले मत तसूभर हलवले नाही.

अशात जे. जे. मध्ये चित्रकला शिकणारा माझा भाचा आला. चहाचा कप हातात घेऊन तो पाच मिनिटे भिंतीसमोर उभा राहिला, म्हणाला, "मामा, हिला हात लावू नका," आणि माळ्यावरची जुनी, काच नसलेली फ्रेम काढून त्याने ओलीभोवती ठोकली.

त्या चार पट्ट्यांनी काय किमया केली ते सांगता येत नाही. एरवी "केवढं हो लीकेज!" म्हणून कळवळणारे पाहुणे आता डोळे बारीक करून दोन पावले मागे सरकू लागले. एकाने तर अमूर्त चित्रांचे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे नाव घेतले. गायतोंडे यांच्या एका चित्राला २०१५ साली मुंबईच्या लिलावात २९ कोटींहून अधिक रुपये मिळाले होते. माझ्या भिंतीचे रंगारी आठ हजार सांगतो, आणि ते मिळायचे नसून द्यायचे आहेत. (गायतोंड्यांच्या चित्रासमोर मी खरोखर गप्प झालो होतो. ओलीसमोर मला फक्त सर्दी होते.)

आमच्या कामवाल्या बाईंचे मत वेगळे पडले. एका सकाळी त्यांनी डावीकडचा हिरवा भाग ओल्या फडक्याने साफ पुसून टाकला. "बुरशी आली होती," एवढेच त्या म्हणाल्या. भाचा हळहळला, पण लगेच सावरून त्याने सांगितले की २००१ साली लंडनच्या एका गॅलरीत डेमियन हर्स्ट यांनी कलाकृती म्हणून मांडलेल्या रिकाम्या बाटल्या आणि भरलेले ॲशट्रे सफाई कामगाराने कचरा समजून उचलून नेले होते. बाईंना ही परंपरा सांगितली, तेव्हा त्यांनी त्या कामगाराचा पगार विचारला.

"आता फक्त सही हवी," भाचा म्हणाला. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्युशाँ या कलावंतांनी बाजारातून आणलेल्या मुतारीच्या भांड्यावर 'आर. मट' अशी सही ठोकून, त्याला 'कारंजे' हे नाव देऊन, ते एका प्रदर्शनाकडे पाठवले. शुल्क भरणाऱ्या कोणाचीही कलाकृती आम्ही नाकारणार नाही, असे जाहीर करणाऱ्या त्या मंडळींनी ती काही मांडली नाही. पण कलेचा आणि न्हाणीघराचा संबंध तेव्हापासूनचा आहे, हे ऐकताच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या कलाकृतीचे कर्ते कोण? वरचे सद्गृहस्थ! त्यांनी कलाकार म्हणून सही केली, की लीकेज कबूल.

मी त्यांना रविवारी चहाला बोलावले, साक्षीला सेक्रेटरींना बसवले आणि त्यांची भीड चेपावी म्हणून मायामीत २०१९ साली मॉरित्सिओ कॅतेलान यांनी कलाकृती म्हणून चिकटपट्टीने भिंतीला लावलेल्या केळ्याची गोष्ट रंगवून सांगितली. ते केळे तेव्हा १,२०,००० डॉलरना गेले, पुढे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ६२ लाख डॉलर आले आणि घेणाऱ्याने ते खाऊन टाकले. गृहस्थ तल्लीन होऊन ऐकत होते. मी मार्कर पुढे केला. त्यांनी टोपण काढले, फ्रेमच्या उजव्या कोपऱ्याशी वाकले, आणि तिथेच थांबले.

"सही करतो," ते म्हणाले, "पण काका, माझ्या मानधनाचं काय ठरवलंय?"

सेक्रेटरींनी खिशातून वही काढली आणि ती रक्कम कोणत्या खात्यात दाखवायची, असे मला विचारले.