कोणता पाठवू?

आमच्या फोटोग्राफी क्लबच्या ग्रुपवर सकाळपासून जे चाललंय ते बघून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. तिथे लिहिलं असतं तर 'मॅडम परत चिडल्या' म्हणून विषय संपला असता.

झालं असं की नुकत्याच क्लबात आलेल्या एका मुलीने चार फोटो टाकले आणि खाली विचारलं, 'यातला स्पर्धेला कोणता पाठवू?' एक खंड्या, चोचीत मासा, मागे हिरवंगार गुळगुळीत बोके, म्हणजे फोकसबाहेरची धूसर पार्श्वभूमी. एक सूर्यास्त. एक गव्हाणी घुबड, पडक्या इमारतीच्या खिडकीत, अर्धं तोंड अंधारात. आणि एक तिच्या आजोबांचा. सुईत दोरा ओवतायत, चष्मा कपाळावर, जिभेचं टोक किंचित बाहेर.

कोण जिंकलं असेल ते सांगायला नकोच. खंड्याखाली अंगठ्यांची रांग लागली. आजोबांच्या वाट्याला काय आलं? 'डोकं वरून कापलंय.' 'मागचं कॅलेंडर क्लोन करून (शेजारचा भाग त्यावर चिकटवून) काढ.' 'चेहरा शार्प नाही.' अहो, फोकस सुईच्या नेढ्यावर आहे! आजोबांचा सगळा जीव त्या क्षणी त्या नेढ्यात आहे, आणि पोरीने नेमकं तेच पकडलंय. चेहरा थोडा सॉफ्ट आहे म्हणून तर आपली नजर त्यांच्या नजरेमागोमाग सुईपर्यंत जाते. पण फोनवर अंगठा सरकवत बघणाऱ्याला एवढा वेळ कुठला!

दुपारी तिचं उत्तर आलं, 'थँक यू सर, खंड्या पाठवते.' झालं. काम फत्ते.

मला कळत नाही, निवडायचं काम असं वाटून कसं देता येतं? शेकडो फ्रेम काढायच्या आणि मग त्यातली माझी कोणती हे गावाला विचारायचं. लग्नाची मुलगी पाहायला गेल्यासारखे सगळे जमतात आणि नाकीडोळी नीटस असेल तिला पास करतात. नीटस फोटोत दोष सापडत नाही, म्हणून त्याला मतं पडतात. दुसरं काही कारण नसतं.

माझा तो स्टेजमागचा फोटो तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. शाळेच्या नाटकातला राजा झालेला पोरगा, मिशी एका बाजूने सुटलेली, जबडा फाकवून जांभई देतोय. फ्रेमच्या डाव्या कडेतून कुणाचा तरी हात आत आलाय आणि त्याचा मुकुट सरळ करतोय. हाताच्या चिमटीत दोन सेफ्टी पिना. तो फोटो मी कसा निवडला ते सांगते, कारण आज ग्रुपवर एकानेही त्या मुलीला 'निवडायचं कसं' हे सांगितलं नाही.

आमच्या क्लबात एक जुने काका होते, डार्करूमच्या काळातले. ते म्हणायचे, स्क्रीनवर ठरवू नकोस, छोट्या प्रिंट काढ आणि जाता-येता दिसतील अशा चिकटव. मी कपाटाच्या दारावर चिकटवल्या. राजाच्या शेजारी एक धुक्यातली होडी होती, माझी अत्यंत लाडकी. थोड्याच दिवसांत होडी दिसेनाशी झाली. म्हणजे दारावर होती, पण नजर तिच्यावरून घसरून जायची. राजापाशी मात्र थांबायला व्हायचं. कधी मिशी, कधी त्या पिना, कधी मागे पाठमोरं उभं असलेलं कुणीतरी. प्रिंट उलटी, डोकं खाली पाय वर, धरून बघायलाही काकांनीच शिकवलं. तसं धरलं की त्यात माणूस आहे की झाड हे मेंदू विसरतो आणि कोपऱ्यातला पांढरा डाग लगेच टोचतो. आता हे फोनवर दोन सेकंदांत होतं. करतं कोण?

आणि हो, तो फोटो स्पर्धेत पडला. सपशेल. परीक्षक म्हणाले, 'डावीकडचा हात लक्ष विचलित करतो, क्रॉप केला असता तर पोर्ट्रेट चांगलं झालं असतं.' अहो महाराज, तो हात काढला तर उरतं काय? जांभई देणारा एक पोरगा. हात आहे म्हणून तो राजा आहे, आणि हात आहे म्हणूनच तो राजा नाही. पण प्रोजेक्टरवर पुढची इमेज आलीसुद्धा होती. पहिल्या फेरीत एकेका फोटोला काही सेकंद मिळतात, तेवढ्यात हा हात समजून घ्यायचा तर परीक्षकाला रात्र पुरणार नाही. बरं, हे मला मान्य आहे. भराभर शेकडो फोटो बघणाऱ्याला पटकन पोचेल असं काही लागतं. मान्य. पुढे.

कडेच्या हातावरून आठवलं. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा 1936 चा 'मायग्रंट मदर', पोरं बिलगलेल्या स्थलांतरित मजूर बाईचा फोटो, सगळ्यांना माहीत आहे. तिने त्या बाईच्या जवळ जवळ सरकत बऱ्याच फ्रेम घेतल्या आणि आज जग ओळखतं ती सगळ्यात जवळची. बाकीच्या काढून बघा कधीतरी. त्यात तंबू आहे, सामान आहे, माहिती जास्त आहे, आणि तरी त्या मागे पडल्या. त्या प्रसिद्ध, जवळच्या फ्रेममध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर एक अंगठा होता. पुढे लँगने तो निगेटिव्हवरून पुसून घेतला. ती ज्या सरकारी खात्यासाठी फोटो काढायची त्यातला तिचा प्रमुख रॉय स्ट्रायकर यावर नाराज होता. आता तुम्ही म्हणाल, बघा, लँगनेसुद्धा कडेचा अंगठा काढला, मग तुझा हात का नको? असेल बाई. तिला तो अंगठा नको होता, मला हा हात हवा होता. दोघींनी आपापलं ठरवलं. ग्रुपवर पोल नाही घेतला.

'परीक्षकाला काय आवडतं ते ओळखून पाठवायचं असतं' हे वाक्य आज निदान चौघांनी तरी टाकलं. त्यांना विचारावंसं वाटतं, ओळखणार कसं? 2009 च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत फाटकावरून झेपावणारा लांडगा पहिला आला. पुढच्या जानेवारीत तो बहुधा शिकवलेला, माणसाळलेला लांडगा आहे म्हणून बक्षीस काढून घेतलं. 2023 मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एका जर्मन कलावंताने एआयने केलेलं चित्र पाठवलं, ते त्याच्या विभागात जिंकलं, आणि त्यानेच बक्षीस नाकारलं. 2024 मध्ये बरोबर उलटं. मान पोटाशी खुपसलेला, डोकंच न दिसणारा एक खराखुरा फ्लेमिंगो कुणीतरी दुसऱ्या एका स्पर्धेच्या एआय विभागात घातला. परीक्षकांनी तिसरा नंबर दिला, लोकांच्या मतांत तो पहिला आला, आणि 'हा तर खरा फोटो' म्हणून बाद झाला! हे मोठमोठ्या स्पर्धांचं. आणि आपण क्लबच्या महिन्याच्या स्पर्धेला येणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते ओळखणार.

मी त्या राजाला परत एकदा पाठवला होता, दुसरीकडे. हात तसाच ठेवून. तिथेही पडला. चालायचंच.

एक मात्र त्या मुलीला सांगायला हवं होतं, आणि इथे ग्रुपवाल्यांची बाजू थोडी घेते. फोटो काढताना झालेला त्रास फोटोत दिसत नाही. ती होडी माझी लाडकी होती कारण मी अंधारात उठून, गुडघाभर चिखलात उभी राहिले होते. बघणाऱ्याला चिखल दिसत नाही, त्याला होडी दिसते, आणि होडी साधारण होती. आजोबांचंही तसंच होऊ शकतं, ते तिचे आजोबा आहेत म्हणून तिला आवडत असतील. पण मी काही तिच्या आजोबांना ओळखत नाही. मी त्या सुईपाशी थांबले, तेही फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर.

तिला मी मेसेज केलाय. रागावून नाही, खरंच. नवीन आहे, इतक्या 'सर' लोकांसमोर काय बोलणार? चारही फोटोंच्या प्रिंट काढ, एंट्रीची मुदत अजून आहे, एवढंच लिहिलं. अजून उत्तर नाही. खंड्या पाठवलाच तर पाठवू दे, चांगलाच आहे तो.

घुबडाबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. 'खिडकी मानवनिर्मित, नेचर (निसर्ग) विभागात बाद' असा निकाल तिथे एका ज्येष्ठांनी देऊन टाकला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. पीएसए, फियाप आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या फोटोग्राफीच्या मोठ्या संघटनांनी 2014 मध्ये मिळून केलेली नेचरची व्याख्या एकदा वाचा हो. माणसाने बदललेल्या जागेत रुळलेल्या प्राण्यांसाठी त्यात सवलत होती, आणि उदाहरण म्हणून नाव घेतलं होतं ते नेमकं गव्हाणी घुबडाचंही! वर्षानुवर्षं सॅलॉनला, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांना, एंट्री पाठवता, नावापुढे मानपदव्यांची अक्षरं लावता, आणि नियमाचा कागद वाचलेला नाही?

आणि वाचायचाच आहे तर स्पर्धेच्या नियमांचा कागद पूर्ण वाचा. लांबी-रुंदी किती पिक्सेल, फाइलला नाव कसं द्यायचं, सगळं त्यात असतं. फाइल एसआरजीबी, म्हणजे बहुतेक स्क्रीनला कळणाऱ्या रंगपद्धतीत, करून पाठवा. ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत ठेवून द्यायची आणि मग 'प्रोजेक्टरवर माझे रंग उडाले' म्हणून परीक्षकाच्या नावाने बोटं मोडायची, हे बंद करा. परीक्षकांवर माझा कितीही राग असला तरी त्यात त्यांचा काडीचा दोष नाही.