हौसेला मोल नसतं म्हणे. मग हे २ लाख ६५ हजार कसले?

गेले तीन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे. बायको त्याला 'ते लाकूड' म्हणते, लेक 'बाबांची मिडलाइफ' म्हणते, आणि मी गिब्सन लेस पॉल म्हणतो, म्हणजे एक अमेरिकन इलेक्ट्रिक गिटार. चेरी सनबर्स्ट रंग, मेपलच्या लाकडावर वाघाच्या पट्ट्यांसारखी लकाकी. दुकानदाराने सांगितलेली किंमत २ लाख ६५ हजार, शिवाय 'तुमच्यासाठी' हार्ड केस फुकट. केस कंपनीच देते, हे मला माहीत होतं. तरी बरं वाटलं.

वय सेहेचाळीस. बँडबिंड काही नाही. शनिवारी रात्री हॉलमध्ये हेडफोन लावून वाजवणारा माणूस मी. परवडत नाही असं नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. परवडत नसतं तर विषय दुकानाच्या काचेबाहेरच संपला असता.

मी मूळचा मिरजेचा. तंतुवाद्याची किंमत कशात असते याचे धडे आम्हाला शाळेत जाता-येता मिळाले. सतारमेकरांच्या गल्लीत भोपळे टांगलेले असायचे, पॉलिशचा वास यायचा. आत्याचा तंबोरा तिथलाच. दर दोन-तीन वर्षांनी ती तो जवारीला न्यायची, आणि भोपळा सांभाळून उचलायला मी. कारागीर तारा सैल करून घोडी मोकळी करायचा, कानशीने अगदी हलक्या हाताने घासायचा, फुंकर मारायचा, परत तार चढवायचा. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. इकडे जरा, तिकडे जरा. त्या दोऱ्याच्या एका जागी मघापर्यंत 'ढब' वाजणारी तार एकदम उघडायची आणि सगळी खोली भरून जायची. लाकूड तेच, भोपळा तोच, तारही तीच. घासलं गेलं होतं ते केसभर.

हे सगळं माहीत असून मी तीन महिने यूट्यूबवर 'महॉगनीचा टोन' ऐकत बसलो होतो. धन्य आहे.

तंबोऱ्यात भोपळा आणि लाकूडच आवाज मोठा करतात. इलेक्ट्रिक गिटारीचं तसं नाही. तिथे स्टीलच्या तारेखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. तार हलली की त्या वेढ्यांत वीज तयार होते आणि ती अ‍ॅम्पकडे जाते. पिकअप तारेचं हलणं बघतो. लाकडाचा परिणाम शून्य असं मी म्हणणार नाही, गिटारवाले अंगावर येतील. पण तो भोपळ्याएवढा नक्कीच नाही. नॅशव्हिलच्या एका गिटारवाल्याने तर दोन टेबलांमध्ये नुसत्या तारा ताणल्या, मध्ये पिकअप धरला आणि आपल्या महागड्या गिटारीशी तुलना करून दाखवली. गिटार नाहीच, मधे हवा! आवाजातला फरक मला तरी सापडला नाही. लेस पॉलचा जो जाड, तुपाळ आवाज आपण म्हणतो, त्यात मोठा वाटा हमबकर पिकअपचा. गिब्सनच्या सेथ लव्हर या इंजिनिअरने १९५५ साली तो बनवला, तोही घरातल्या विजेची घरघर मारण्यासाठी. दोन कॉइल उलटसुलट जोडल्या की घरघर एकमेकींना खाते आणि सूर तेवढा उरतो. आवाज जाड झाला तो वरकड.

तर मी परीक्षा घ्यायची ठरवली. इंजिनिअर माणूस, एवढं तर करणारच. मित्राला घेऊन दुकानात गेलो. एकच अ‍ॅम्प, बटणांना कुणी हात लावायचा नाही. तीन गिटारी: ही अमेरिकन, तिचीच एपिफोनची ६२ हजारांची बहीण (एपिफोन कंपनी १९५७ पासून गिब्सनकडेच आहे), आणि २४ हजारांची एक इंडोनेशियन. मी भिंतीकडे तोंड करून उभा, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मित्र प्रत्येकीवर तोच छोटा तुकडा वाजवणार, क्रम त्याच्या मनाचा. एकूण नऊ वेळा.

मी बरोबर ओळखलं चार वेळा. डोळे झाकून ठोकताळे मारले असते तरी सरासरी तीन आले असते. म्हणजे तीस वर्षांच्या 'तयार कानाची' कमाई अवघी एक. आणि एकदा तर मी २४ हजारवालीला 'हीच ती, काय बॉडी आहे आवाजाला' म्हणालो. काउंटरवरचा पोरगा बिल फाडायचं सोडून हसत होता.

पण मग मी तिन्ही गिटारी स्वतः हातात घेतल्या, आणि गोष्ट इतकी सोपी राहिली नाही. कानाला कळलं नव्हतं ते हाताला लगेच कळलं. स्वस्तातल्या गिटारीचे फ्रेट, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, कडेला बोटाला टोचत होते, बारीक करवतीवरून हात फिरवावा तसे. मधली ठीक होती. आणि अमेरिकन गिटारीचा गळा... फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटं फिरतात त्या फळीच्या, कडा वापरून वापरून गुळगुळीत झाल्यासारख्या, हात आपोआप जागेवर जातो. वाजवताना मी थोडा बरा वाजवला. मित्रही म्हणाला, आणि तो असं सहज म्हणणारा नाही.

म्हणजे महाग गिटार वाजवणाऱ्याच्या हाताला कळते, समोरच्याच्या कानाला नाही. रोज सहा-सहा तास वाजवणाऱ्याला, स्टेजवर पोट असणाऱ्याला हा हाताचा फरक लाखाचा आहे आणि त्याने डोळे झाकून घ्यावी. त्याच्याशी माझा वाद नाही. वाद माझा माझ्याशी आहे, शनिवारचे दीड तास वाजवणाऱ्याशी.

बरं, ते २ लाख ६५ हजार जातात कुठे? अमेरिकेतल्या कामगाराचा पगार. गळा बॉडीला स्क्रूने न जोडता सरसाने बसवायचं काम. नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पातळ थर, प्रत्येक थर वाळायला द्यायचा. इथपर्यंत पैसा गिटारीत उतरतो, मान्य. त्यानंतर जहाज किंवा विमान, आयात शुल्क, जीएसटी, वितरक, दुकानाचं भाडं. हा भाग वाजवता येत नाही. आणि गंमत बघा, तिच्या फिंगरबोर्डाचं रोझवूड बहुतेक वेळा आपलंच, इंडियन रोझवूड. म्हणजे आपला शिसव, आमच्या वाड्यातला झोपाळा होता तो. आपल्याकडचं लाकूड अमेरिकेत, गिब्सनच्या टेनेसी राज्यात जातं आणि डॉलरमध्ये परत येतं. २०११ साली अमेरिकी सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापा घातला होता तो भारतातून गेलेल्या शिसव आणि एबनीवरूनच. कंपनीने पुढच्या वर्षी दंड भरून प्रकरण मिटवलं.

उरलेले पैसे नावाचे. हे मी हिणवून म्हणत नाही. नावामागे काय आहे ते बघाच. १९५८ ते १९६० मधल्या सनबर्स्ट लेस पॉल आज कोट्यवधी रुपयांना जातात. त्या वेळी मात्र त्या खपत नव्हत्या, म्हणून कंपनीने ते मॉडेलच बंद केलं. मग साठच्या दशकात एरिक क्लॅप्टनसारख्या पोरांनी त्या जुन्या गिटारी उचलल्या, अ‍ॅम्प पूर्ण पिळून वाजवल्या, आणि जगाला त्या हव्याशा झाल्या. १९६८ मध्ये कंपनीला लेस पॉल परत काढावी लागली. पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅट (फेंडर कंपनीची गिटार) तर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतलेली, कुणालाही मिळाली असती अशी. त्याने तिचे गळे बदलले, पिकअप बदलले, भोकं पाडली. २०१९ च्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली.

आणि उलट टोकाला क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे. पोराला फेंडर परवडत नव्हती, म्हणून बापलेकांनी घरीच गिटार केली. गळा जुन्या शेकोटीच्या लाकडाचा, ट्रेमोलोला (सूर लववायच्या दांड्याला) मोटारसायकलच्या स्प्रिंगा. पुढे पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, त्याच्याबरोबर गायला लागला आणि जगाने त्या शेकोटीच्या लाकडाचा आवाज ऐकला. आमच्या मिरजेपासून पाचगणी किती लांब, सांगा बघू! (हे वाक्य मी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, मग तूही कर की घरी, स्टोअररूममध्ये जुनं कपाट पडलंय.)

घरच्या अडचणी सांगतो, कारण त्या कुठल्याच रिव्ह्यूत नसतात. लेस पॉल सव्वाचार किलोची. माझी मान आधीच फिजिओकडे जाऊन आलेली. गिटारीचं खुंट्यांचं डोकं १७ अंशांत मागे वाकलेलं, लाकूड महॉगनी, आणि ट्रस रॉडची (गळा सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईची) खाच नेमकी सगळ्यात नाजूक जागी. स्टँडवरून पडली की तिची मान मोडते, आणि आमच्या घरात मांजर आहे. नायट्रो लॅकर साध्या रबरी स्टँडलाही चिकटून खराब होतं. पावसाळ्यात हवा अशी की नवीन तारा आठवड्यात काळवंडतात. आणि एवढं करून मी ती लावणार कशाला? आठ हजारांच्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पला, आवाज दोनवर, कारण खालच्या मजल्यावरचे काका साडेनऊला झोपतात. आवाजाचा मोठा हिस्सा अ‍ॅम्प आणि स्पीकरचा असतो हे कुणीही गिटारवाला सांगेल. सोन्याचा पोहरा घेऊन कोरड्या विहिरीवर जायचं हे.

आणखी एक. तीन-तीन खुंट्यांच्या त्या डोक्यात 'G' सुराची तार नटपासून, म्हणजे गळ्याच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, तिरकी जाते, त्यामुळे ती खाचेत अडकते आणि सुराला दगा देते. ही त्या रचनेचीच खोड आहे, पन्नासच्या दशकापासूनची, स्वस्त-महाग असा भेद नाही. उपाय? खाचेत पेन्सिलचं शिसं घासायचं. नटराज चालते.

मग मी ठरवलं काय? माझ्याकडे २०११ सालची एक एपिफोन आहे. कॅनडाला निघालेल्या एकाकडून २२ हजारांना घेतलेली. तिच्यावर मी एवढी वर्षं फक्त फडका मारला, तोही दसऱ्याला. ती घेऊन शनिवार पेठेत एका सेटअपवाल्याकडे, म्हणजे गिटारी नीट जुळवून देणाऱ्याकडे, गेलो. त्याने गिटार नाकासमोर धरली, एक डोळा मिटून गळ्यावरून नजर टाकली, कॅरमवाला सोंगटी बघतो तशी.

'हिने पावसाळे किती बघितले?'

'चौदा.'

'आणि ट्रस रॉडला हात किती वेळा लावला?'

मी खिडकीबाहेर बघितलं.

तीन तास मी तिथे स्टुलावर बसून होतो. त्याने तारा काढल्या, गळा सरळ केला, प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करची काळी रेघ ओढली आणि लांब सपाट पट्टीने घासायला सुरुवात केली. उंच फ्रेटवरची शाई आधी गेली, बसक्या फ्रेटवरची राहिली. सगळीकडची जाईपर्यंत घासलं, मग एकेका फ्रेटला परत गोलाई दिली. नवीन नट बसवला, खाचा पाडल्या. दोन घासे, तार चढव, वाजव, उतरव, परत एक घासा. फुंकर. मला त्या क्षणी पॉलिशचा वास आला, खरंच. बाराव्या फ्रेटवर तार आधी जवळजवळ तीन मिलिमीटर उंच होती, आता पावणेदोन. बिल ४ हजार ८००.

घरी येऊन वाजवली. अमेरिकन गिटारीच्या गळ्याची मजा पूर्ण आली असं खोटं नाही सांगणार. बारा आणे आली. उरलेल्या चार आण्यांसाठी दोन लाख साठ हजार, असा हिशेब आता माझ्यापुरता स्पष्ट आहे. तरीही उद्या मी ती घेतली तर कुणी हसू नका. फक्त तेव्हा मी 'टोनसाठी घेतली' असं म्हणालो तर या पोस्टचा स्क्रीनशॉट तोंडावर मारा. हौस आहे. एकोणीस वर्षांचा असताना सांगलीच्या हॉस्टेलच्या भिंतीवर एक पोस्टर होतं, त्यातली ती गिटार आहे. लोक पंधरा-वीस लाखांची डोंगर चढणारी गाडी घेऊन हिंजवडीच्या सिग्नलला उभे असतात, त्यांना कुणी विचारतं का? पण तेही 'सेफ्टीसाठी घेतली' म्हणतात, आणि माझं भांडण नेमकं त्या वाक्याशी आहे. हौसेला हौस म्हणायला आपल्याला लाज का वाटते कोण जाणे. आणि घ्यायचीच तर मी जुनी बघेन. पहिल्या मालकाने केस उघडल्याची किंमत आपण कशाला भरा?

परवा रविवारी आत्याचा फोन आला होता. आता ब्याऐंशीची आहे, गाणं सुटलं, कान शाबूत. तिला सगळं सांगितलं. फ्रेट, नट, कानस, पावणेदोन मिलिमीटर. ती म्हणाली, म्हणजे जवारी करून आणलीस, एवढं सरळ सांग की. मग म्हणाली, वाजव बघू. फोन स्पीकरवर टाकून मी माझी ठेवणीतली चाल वाजवली, वीस वर्षं वाजवतोय ती.

पलीकडे थोडा वेळ शांतता.

'हं. आता कसं, बोट कुठं घसरतंय ते स्वच्छ ऐकू येतंय.'